काय मारलंस?

गोल्फ खेळणारे एकमेकांना सगळ्यांत जास्त विचारतात तो प्रश्न स्कोअरचा नसतो. चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, जाऊन पडला की बाजूने आवाज येतो, "काय मारलंस?" म्हणजे कितव्या नंबरच्या क्लबने, काठीने. उत्तर एका आकड्यात द्यायचं; आकडा मोठा तितका तो क्लब चेंडू कमी लांब नेतो, म्हणून मोठ्या आकड्यात ताकद दिसते. "सात." किंवा "आठ." आठ सांगणारा मुद्दाम आवाज खाली आणतो, जणू त्यात सांगण्यासारखं काही नाहीच, आणि सहा सांगणारा वाऱ्याचा उल्लेख केल्याशिवाय राहत नाही. एकूण फटके मोजायच्या, स्ट्रोक प्लेच्या स्पर्धेत स्वतःचा फटका बाकी असताना हे विचारलं तर दोन फटक्यांचा दंड बसतो. मैत्रीच्या खेळात दंड नाही, पण प्रश्न तिथे जास्त बोचतो.

माझं उत्तर वीसेक वर्षं ठरलेलं होतं. दीडशे यार्ड म्हणजे सात. हे मला रक्तगटासारखं पाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पन्नाशीनंतर कधीतरी ते बदललं. नेमकं कधी, ते सांगता येणार नाही, कारण मी तिकडे बघतच नव्हतो. पहिली खबर दिली ती ग्रीनच्या अलीकडच्या बंकरांनी, वाळूच्या खड्ड्यांनी. पूर्वी त्यांच्याशी माझी तोंडओळख होती, हळूहळू घसट वाढली. आज वारा समोरून होता. आज चेंडू गवतात खोल बसला होता. आज हवा गार होती (गार हवेत चेंडू खरंच कमी जातो, त्यामुळे ही सबब मला अख्खा हिवाळा पुरायची). मग एका भर उन्हाळ्यात, वारा पाठीशी असताना, चेंडू क्लबच्या अगदी मधोमध लागूनही बंकरात जाऊन पडला, आणि सबबींचा डबा रिकामा झाला.

साठी बुद्धी नाठी म्हणतात. माझी बुद्धी बरी आहे, यार्ड नाठे.

यात गूढ काही नाही. वय वाढतं तसे स्नायू कमी होतात आणि त्यांतले झटक्याने आकसणारे तंतू आधी झिजतात. चालायला, ओझं उचलायला लागणारी ताकद बरीच वर्षं टिकते, पण फटक्याला लागणारा झटका आधी जातो. त्यात पाठ आणि कंबर पूर्वीइतकी वळत नाहीत, म्हणजे क्लबला वेग धरायला मिळणारा रस्ताच आखूड होतो. अठरा होल चालून दम लागत नाही म्हणून मी स्वतःला तरुण समजत होतो. दमाचा आणि यार्डांचा संबंध तितका जवळचा नाही, हे उशिरा कळलं.

माझे आयर्न, म्हणजे धातूच्या सपाट डोक्याचे नंबरवाले क्लब, घडीव पोलादाचे होते. पाठीमागे खोबण नसलेले, पात्यासारखे सडपातळ, तीन नंबरपासून पिचिंग वेज या जवळच्या फटक्याच्या क्लबपर्यंत. चेंडूमागे क्लब टेकवून वरून पाहिलं की वरची कड इतकी बारीक दिसायची की याने चेंडू उडेल यावर नवख्याचा विश्वास बसू नये. मधोमध लागला तर हाताला काहीच जाणवायचं नाही. ते काहीच न जाणवणं हेच त्या क्लबचं सुख. अर्धा इंच बाजूला लागला तर मात्र कोपरापर्यंत झिणझिण्या. असे क्लब खेळणाऱ्याच्या अंगात एक सूक्ष्म माज असतो. माझ्याही होता. बॅगेतून ते डोकावत असताना कोणी पाहिलं तर बरं वाटायचं.

तर प्रथम संशय त्यांच्यावरच घेतला. पस्तीस वर्षं झाली, पोलाद थकलं असेल, त्याची उसळी गेली असेल, असं खेळणाऱ्यांत बोललं जातं. पण पोलादाचा घडीव ठोकळा थकत नाही. उसळी मुळात त्यात नव्हतीच, मग जाणार कुठून? चेहऱ्यावरच्या खाचा झिजतात, मुठीवरचं रबर कडक होऊन हात घसरतो, तेवढंच. नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण ऐकत आलोच आहोत. मी तर नवं अंगण विकत घ्यायला निघालो होतो. बायको म्हणाली, "अहो, काठी बदलून चाल बदलते का?" याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आता अर्धंमुर्धं आहे.

क्लब मापून देणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा आणि फार सभ्य होता. समोर जाळी, बाजूला मोजणारं यंत्र. त्याने आधी माझाच जुना सात नंबर मारायला सांगितला. दहा फटके. पडद्यावर आकडे आले: क्लबचा वेग ताशी ७२ मैल, चेंडू हवेतून जातो ते अंतर, म्हणजे कॅरी, सरासरी १२१ यार्ड. मी म्हटलं, यंत्र काहीतरी चुकतंय. तो नुसता हसला. हे वाक्य तो दिवसातून किती वेळा ऐकत असेल. मग त्याने विचारलं, "सर, तुमचे दीडशे म्हणजे सरासरी की सगळ्यांत लांब गेलेला?" मी काही बोललो नाही. आपण सगळेच आपला सर्वोत्तम फटका आपलं अंतर म्हणून सांगतो. त्यात घरंगळलेले यार्डही धरतो, आणि मोजायचं यंत्र तर चाळिशीत माझ्याकडे नव्हतंच.

तिथेच त्याने दाखवलं की ट्रॅकमॅन या मोजयंत्राच्या कंपनीने काही वर्षांपूर्वी छापलेल्या सरासऱ्यांत पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धांतल्या पुरुषांचा सात नंबर १७२ यार्ड जातो आणि एलपीजीएच्या स्त्रियांचा १४१. जगातल्या सर्वोत्तम स्त्रिया १४१, आणि चौसष्टाव्या वर्षी मी दीडशे हक्काने मागत होतो.

मग नवा सात नंबर हातात आला. मोठं डोकं, जाड कड, पाठ फुगीर. मला तो दिसायला अजिबात आवडला नाही, आजही आवडत नाही. पहिल्याच फटक्याला चेंडू १३८ गेला. पुढचा १३५. मग १३९. सतरा यार्ड कोणीतरी मागच्या दाराने आणून दिले होते. माझा चेहरा कसा झाला असेल ते त्या मुलाच्या चेहऱ्यावरून कळलं. अशा वेळी लोक खिशात हात घालतात. मीही घातला असता, पण हातातला क्लब उलटा करून सहज विचारलं, "याचा लॉफ्ट किती?"

"२९ अंश."

लॉफ्ट म्हणजे क्लबच्या चेहऱ्याचा मागे कललेला कोन; तो कमी तितका चेंडू लांब. माझ्या सात नंबरचा होता ३६. माझ्या जुन्या सेटमध्ये २८ अंशांचा क्लब होता तो पाच नंबर.

म्हणजे मला पाचचा क्लब देऊन त्याच्या तळव्यावर सात कोरला होता! शाफ्टही, म्हणजे दांडाही, माझ्या सातपेक्षा अर्धा इंच लांब. हरवलेलं अंतर परत मिळालं नव्हतं, मोजपट्टीवरचे आकडे सरकवले होते. दूधवाल्याने पाणी घालावं तसं हे नाही. हे लिटरचं माप लहान करून "बघा, आज दोन लिटर दूध दिलं" म्हणण्यासारखं. क्लबच्या आकड्याला लॉफ्टचं बंधन घालणारा नियमच गोल्फमध्ये नाही. सातवर किती अंश असावेत हे ज्याने त्याने ठरवायचं, आणि गेल्या चाळीसेक वर्षांत प्रत्येकाने ते दुसऱ्यापेक्षा थोडं कमी ठरवलं. १९८०च्या सुमारास सात नंबर ३६-३७ अंशांचा असे, आज सोपे म्हणून विकले जाणारे सात नंबर २८ ते ३० चे असतात.

रागाने मी माझा जुना पाच बॅगेतून काढला. होऊन जाऊ दे.

इथे गोष्ट मला वाटलं तितकी सरळ राहिली नाही. जुन्या पाचने मधोमध लागलेले दोन चेंडू १३३ आणि १३२ गेले, म्हणजे जवळपास नव्या सातइतकेच. मी विजयी मुद्रेने मागे पाहिलं. मुलगा म्हणाला, "अजून आठ मारा." पुढच्या आठांत एक मधे लागला. बाकीचे ११४, ११९, १०८, असे कुठेही. नव्या सातने मी काही जास्त नीट मारत नव्हतो, चुका त्याच होत्या, पण त्या चुकांचे चेंडू १२९-१३० पर्यंत पोहोचत होते. आणि दुसरी गोष्ट उंचीची. जुन्या पाचचा चेंडू माझ्या वेगाला जेमतेम झाडाच्या शेंड्याला शिवेल इतका चढायचा आणि ३२ अंशांत तिरपा उतरायचा, नव्या सातचा त्याहून बराच वर जाऊन ४१ अंशांत. लॉफ्ट जवळपास तोच, वेगही जवळपास तोच.

घरी येऊन याची कारणं वाचत बसलो, आणि राग निम्मा उतरला. जुन्या घडीव क्लबमध्ये वजन चेंडूमागेच गोळा झालेलं असतं. बाजूला लागला की डोकं हातात वळतं. दोरावर चालणारी डोंबारीण हातात लांब काठी धरते, तिची टोकं जड असतात म्हणून ती सहजी कलंडत नाही. हीच युक्ती कार्स्टन सोल्हाइम नावाच्या इंजिनीयरने क्लबला लावली. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करणारा हा माणूस चाळिशीनंतर गोल्फ शिकला, पटिंग, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवणं, जमेना म्हणून १९५९ साली स्वतःच पटर बनवला, आणि त्या पटरच्या आवाजावरून कंपनीचं नाव पडलं पिंग. पुढे त्याने आयर्नचीही पाठ पोखरून वजन कडेला नेलं. १९८२ चे आय-टू त्यातले सर्वांत गाजलेले. हे क्लब घडीव नव्हते, ओतीव होते, आणि आम्ही घडीववाले त्यांच्याकडे नाक मुरडून बघायचो. चाळिशीत जो नाक मुरडायला शिकला नाही तो साठीत सुखी, असं माझं आता मत आहे.

त्यानंतरची करामत पातळ चेहऱ्याची. आजचे असे सोपे आयर्न बरेचदा आतून पोकळ असतात, चेहरा इतका पातळ की चेंडू आदळताना तो किंचित दबून परत येतो. आणि पोलादाच्या अडीचपट घनतेचं टंगस्टन तळाशी भरलेलं, त्यामुळे डोक्याचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि चेंडू वर निघतो. म्हणूनच लॉफ्ट कमी करता आलं. नुसतं कमी केलं असतं तर चेंडू सशासारखा जमिनीलगत पळाला असता. तेव्हा आकडा खोटा आहे, पण खोटं पचवण्यासाठी केलेली मेहनत खरी आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करायला मला पंधरा दिवस लागले.

उतरण्याच्या कोनाचं महत्त्व मला त्याआधी कुणी समजावलं नव्हतं, खरं तर एकदा टीव्हीवर डोळ्यांसमोर घडलं होतं. २००९ च्या ब्रिटिश ओपनला टर्नबेरीत टॉम वॉटसन शेवटच्या होलवर एका फटक्याने पुढे होता. वय ५९, साठी दीड महिन्यावर. नुसतं 'पार', म्हणजे त्या होलला नेमलेल्या फटक्यांत, केलं असतं तरी जिंकला असता. फेअरवेवरून त्याने आठ नंबर मारला, अगदी मनासारखा, चेंडू होलमधल्या झेंड्याच्या रोखाने गेला, ग्रीनवर पडला, आणि थांबलाच नाही. घरंगळत मागच्या बाजूला उतरला. तिथून परत येऊन शेवटचा छोटा पट चुकला, आणि चार होलच्या प्लेऑफमध्ये स्ट्युअर्ट सिंक जिंकला. त्या संध्याकाळी आम्ही सगळे वयाबद्दल बोललो. पण त्या फटक्यात अंतर कमी पडलंच नव्हतं. जास्त झालं होतं. साठीच्या माणसाचा चेंडू ग्रीनपार गेला याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं, मी नुसता हळहळलो.

म्हणून नवे आयर्न बघायला जाणाऱ्याने पडद्यावरच्या कॅरीकडे आधी बघू नये. ते यार्ड मधाचं बोट असतं. चेंडू किती वर गेला आणि कसा उतरला ते बघावं; चाळिशीच्या वर अंश मिळत असतील तर ग्रीनवर थांबायची आशा, तिशीत असतील तर अंतर ग्रीनच्या पलीकडे जाऊन मिळेल. आणि दहातला सर्वांत वाईट फटका किती गेला ते जरूर बघावं. सर्वोत्तम फटका आपल्याला दर महिन्याला एकदा भेटतो. वाईट दर होलला.

आकडे सरकवण्याचे उपद्व्याप दोन्ही टोकांना बाहेर पडतात. नव्या सेटचा पिचिंग वेज ४३ अंशांचा, माझा जुना ४९ चा. बंकरातून चेंडू काढायचा सँड वेज मात्र ५६ वरच. मधे तेरा अंशांची दरी. ती बुजवायला एक 'गॅप वेज' वेगळा घ्यावा लागतो, म्हणजे माझा जुना पिचिंग वेजच नवं नाव घेऊन परत. वरच्या टोकाला याहून वाईट. नवा पाच नंबर २३ अंशांचा आणि चार नंबर २०. ताशी ७२ मैलांच्या माणसाला २० अंशांचा आयर्न म्हणजे शोभेची काठी. सेट घेताना सहापासूनच घेतला, वर लांबच्या फटक्यांसाठी जाड डोक्याचे दोन हायब्रिड आणि एक सात नंबरचा वूड टाकला. १४ क्लबांची मर्यादा अमेरिकेत १९३८ साली आली आणि वर्षभरात सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या नियम ठरवणाऱ्या संस्थेनेही ती मानली. नसती आली तर मी पंचवीस घेतले असते.

शाफ्टचं सांगायचं राहिलं. जुने पोलादी, एकेक १३० ग्रॅमच्या आसपास, 'स्टिफ', म्हणजे ताठ. त्या मुलाने ६५ ग्रॅमचा ग्राफाइट लावून दिला. मी विचारलं, हा 'आर', म्हणजे मध्यम लवचीक, का? तो म्हणाला, "हा 'ए' आहे." ए म्हणजे आणखी लवचीक, म्हाताऱ्यांचा, कोणी तसं म्हणत नाही एवढंच. मी हट्टाने 'आर' मारून पाहिला. वेग तोच, पण चेंडू खाली आणि उजवीकडे. 'ए'ने क्लबचा वेग दोन मैल वाढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर दुखलं नाही. कोपराची गोष्ट कुठल्याच पडद्यावर दिसत नाही, तरी साठीनंतर ग्राफाइट घेण्याचं ते सगळ्यांत भक्कम कारण आहे असं मी म्हणेन. घरी आल्यावर ते अक्षर दिसू नये म्हणून शाफ्ट उलटा बसवता आला असता का, असा विचार मनात येऊन गेला. खरं सांगतो.

फुकटातला उपाय म्हणजे पुढच्या टीवरून, होलच्या जवळच्या सुरुवातीच्या जागेवरून, खेळणं. २०११ पासून अमेरिकेत पीजीए आणि यूएसजीए या गोल्फच्या संस्था "टी पुढे घ्या" म्हणून सांगत आहेत, आणि मी चारेक वर्षं ते इतरांसाठी आहे असं धरून चाललो. पहिल्यांदा पुढे गेलो त्या दिवशी लाज पहिल्या होलपुरती टिकली. दुसऱ्या होलला हातात आठ नंबर होता.

आकड्यांचीच गंमत म्हणून सांगतो. शंभर वर्षांपूर्वी क्लबांना आकडे नव्हते, नावं होती. मॅशी, निब्लिक, आणि आजच्या सातच्या आसपासचा मॅशी-निब्लिक. मॅशी-निब्लिक कमी गेला म्हणून कुणी रात्री जागा राहिला असेल असं मला वाटत नाही. १९७३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये जीन साराझेन हा जुना अमेरिकन खेळाडू स्कॉटलंडमधल्या ट्रूनच्या 'टपाल तिकीट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आठव्या होलवर आला. वय ७१. होल १२६ यार्डांचा, समोरून वारा. त्याने पाच नंबर काढला, खाली दाबून मारला, आणि चेंडू थेट होलमध्ये. १२६ यार्डांना पाच! आमच्या चौकडीत कुणी हे उत्तर दिलं असतं तर पुढचे तीन होल त्याची थट्टा झाली असती.

नवे आयर्न येऊन दीड वर्ष झालं. दिसायला अजून आवडत नाहीत. आवाजही पोकळ येतो, घागरीवर टिचकी मारल्यासारखा. पण अलीकडच्या बंकरांशी पुन्हा तोंडओळखच उरली आहे. माझा नेहमीचा जोडीदार "काय मारलंस?" विचारतो, मी "सात" म्हणतो, आणि तो मान डोलावतो. त्याला लॉफ्ट मी अजून सांगितलेला नाही.

जुना सेट भाच्याला दिला. वय एकोणीस, अंगकाठी सहा फुटांची, नुकताच खेळायला लागलेला. पहिल्या दिवशी सरावाच्या मैदानावर मी मागे उभा राहून नुसता ऐकत होतो. पाचेक फटक्यांनी एकदा तो आवाज आला, पिकलं फळ देठातून सुटावं तसा, आणि चेंडू असा वर गेला की माझ्या हातून तो तसा कधी गेला असेल तर तिशीत. मला भरून आलं. त्याचा चेहरा मात्र उतरलेला.

"मामा, माझ्यात ताकद नाहीये का?"

"का रे?"

"मित्रांचा सात एकशे पंच्याहत्तर जातो. माझा दीडशेलाच पडतो."

शेजारच्या मित्राचा क्लब मी उलटा करून पाहिला. मग माझ्या जुन्या बॅगेपाशी गेलो आणि पाच नंबर काढून त्याच्या हातात दिला.